घरच्या पुरुषाची परवानगी

एचआयव्हीच्या गोळ्यांसाठी मी दर महिन्याला अंजूरहून रिक्षाने भिवंडीच्या दवाखान्यात जायचे. तिथे आमची काळजी भारी. वजन करणार, उरलेल्या गोळ्या मोजणार, "वेळेवर घेता ना?" म्हणून डोळे वटारणार. बाईला कमरेखालीही काही दुखणं असू शकतं, हे मात्र कुणाच्या गावीही नव्हतं. भिंतीवर एक पोस्टर होतं : या आजारात गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो, तपासून घ्या. ते अर्धं कपाटामागे गेलेलं. कपाट सरकवायचं कुणी, हे बहुधा वरून ठरायचं होतं.

मला पाळी नसताना रक्त जायला लागलं. रांगेत ओळख झालेली नारपोलीची एक मैत्रीण होती, तिलाही तेच. आम्ही दोघी घाबरून तपासणीच्या खोलीत गेलो.

"आतून तपासायचं तर घरच्या पुरुषाची परवानगी लागते," सिस्टर म्हणाल्या. "मिस्टरांना आणा."

"माझा न्हाय आता," मी म्हटलं. "याच आजारानं गेला."

"मग दिराला आणा."

दीर! ज्याने माझं ताट वेगळं काढलं, तो आता माझ्या पिशवीचा मालक. घरी पोचेपर्यंत मी रिक्षात एकटीच बडबडत होते.

पुढच्या खेपेला भिंतीवरचा नवऱ्याचा फोटो काढला आणि हारासकट सिस्टरांच्या टेबलावर उभा केला.

"हा आनलाय घरचा पुरुष. इचारा काय ते. जिता होता तवा दवाखान्याचं नाव काढत नव्हता, आज आलाय."

रांगेतल्या बायका खो खो हसल्या. गलका ऐकून आतल्या डॉक्टरबाई बाहेर आल्या. त्यांनी फोटो पाहिला, मला पाहिलं आणि हसू दाबत म्हणाल्या, "चला आत." दुखणं कॅन्सर होण्याआधीचंच निघालं. त्यांनी ते यंत्राने तिथल्या तिथे जाळून टाकलं.

मैत्रिणीने आपला जिवंत नवरा आणला होता. त्याने दारातूनच फर्मान काढलं, "असलं काय दाखवायचं न्हाय. चल घरी." ती गेली. सिस्टरांनीही तिला थांबवलं नाही. घरच्या पुरुषाने तोंडाने सांगितलं होतं ना!

पुढे कॅन्सर पसरला आणि ती वारली. मी नारपोलीला भेटायला गेले, तर तिचा नवरा डोळे पुसत म्हणाला, "डॉक्टरांनी काय केलंच न्हाय तिचं."

माझा संताप संताप झाला.

"तू फोटोत असतास ना," मी म्हटलं, "तर ती वाचली असती."