दुकानाचं खातं

“तुमच्या गावात आता ब्लाउजला मागं लटकन लावायची फॅशन आलीय वाटतं,” मोबाइलवाला म्हणाला.

आमच्या गावचा एक माणूस रिचार्जसाठी काउंटरवर वाकला होता. तो हसला. “तुला रे काय माहीत बायकांचं?”

“आपल्याला सगळं माहीत असतं भाऊ. इथं बसून.”

दोघंही हसले. ऑफिस सुटल्यावर आलेली मी कडेला उभी राहून चार्जर बघत होते. मुरबाडच्या त्या दुकानात मला बघून कोणी बोलणं थांबवत नाही. मी बोलत नाही, म्हणून मला ऐकूही येत नसावं अशी लोकांची समजूत आहे.

आमचं गाव वैशाखऱ्याच्या अलीकडं. जीपमधून घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. लटकनवाले ब्लाउज गावात अजून कोणी घातलेच नव्हते. म्हसा गावच्या जत्रेसाठी ते शिवून तयार होते आणि घड्या घालून माझ्या वहिनीच्या कपाटात ठेवलेले होते.

वहिनी तानसाकडची. लग्न होऊन आली ती शिलाई मशीन घेऊनच. आता आसपासच्या पाच-सहा पाड्यांतल्या बाया तिच्याकडं ब्लाउज टाकतात. तिची कामाची पद्धत अशी, की ब्लाउज कच्चा शिवून झाला की बाईला मागच्या खोलीत उभं करायचं, पदर खाली घ्यायला लावायचा आणि पाठीचा, खांद्याचा, बगलेचा फोटो काढायचा. चुणी कुठं पडते ते फोटोत नीट दिसतं, असं ती म्हणते. त्या फोटोवर बोटानं मोठं करून बघत ती उसवते आणि पुन्हा शिवते. बायका हसतात, “ए, तोंड घेऊ नको गो माझं,” म्हणतात, तरी कधीकधी तोंडही येतं. पुढच्या वेळी त्याच बाईचं माप काढताना उपयोगी पडतात म्हणून ती फोटो ठेवते. फोन तिच्या ब्लाउजमध्ये किंवा मशीनच्या खणात. दुसऱ्या कोणाच्या हातात नाही.

घरी आल्यावर मी तिच्याकडं फोन मागितला. सेटिंगमध्ये गेले. जिथं तिचं खातं असायला हवं होतं तिथं त्याच मुरबाडच्या दुकानाचं नाव होतं, फोन तिथूनच घेतलेला.

हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे आणि कोणालाच खटकत नाही. नवा फोन घेतला की दुकानदार विचारतो, “ईमेल आहे?” माणूस म्हणतो, “नाय.” “राहू द्या, आपला टाकतो.” झालं. त्याशिवाय फोन पुढं जात नाही, ॲप उतरत नाहीत, आणि ईमेल म्हणजे काय ते सांगत बसायला दुकानदाराला वेळ नसतो. बाबांच्या फोनमध्ये अनोळखी माणसांचे नंबर निघतात. टोकावड्याचा ट्रॅक्टरवाला, कुठलीतरी मावशी, कुठलातरी भाचा. बाबांना वाटतं ते फोनसोबतच येतात.

खात्यावर आपोआप चढलेले सगळ्यांचे फोटो ज्यात दिसतात, ते ॲप मी उघडलं. आमच्याकडं ते कोणी उघडत नाही, सगळे गॅलरीतच बघतात. त्यात एक शेळी होती. कोणाचं तरी आधार कार्ड, बारशाचा पाळणा, भेंडीची खोकी, दवाखान्याचे रिपोर्ट. त्यांच्यामध्ये आमच्या गावातल्या बायकांच्या पाठी. एका फोटोत आमची शेजारीण आरशात बघून हसत होती, पदर खाली.

वहिनी माझ्या खांद्यावरून बघत होती. तिनं दार लोटून घेतलं. मग म्हणाली, “तुझ्या दादाला सांगू नको, ताई.”

“का नको? त्या माणसाला—”

“त्याला कोण काय करणार नाय. माझा फोन जाईल. आणि बायांना कळला तर एक बाई येणार नाय माझ्याकडं. मशीन झाकून ठेवायची मग.”

ती खोटं बोलत नव्हती. गावात एका सुनेला कोणीतरी रात्रंदिवस फोन करून छळत होतं, तेव्हा घरच्यांनी उपाय म्हणून सुनेचा फोन काढून घेतला होता. करणारा अजूनही फोन वापरतो.

मी तिच्यासमोर, फोनमधले राहू देऊन, त्या खात्यातले तिचे सगळे फोटो पुसले, कचऱ्याच्या टोपलीतूनही काढले, आणि फोनमधून खातं उडवलं. संपलं असं वाटलं. आठवड्याभरानं व्हॉट्सॲप अपडेट मागायला लागलं. अपडेटला खातं हवं. मी ऑफिसात होते, दादा फोन घेऊन दुकानात गेला आणि काम करून आला. संध्याकाळी पाहिलं तर दुकानाचं नाव परत तिथंच, आणि गॅलरीतले सगळे फोटो पुन्हा वर चढलेले. दादाचं काही चुकलं असं त्याला का वाटावं? व्हॉट्सॲप बंद पडलं, फोन दुकानात नेला, चालू झालं.

त्या दिवशी मला जो राग आला तो अजून गेलेला नाही. नुसता दुकानदाराचा नाही. वस्तू आपण विकत घ्यायची, आणि ती चालू करायला दुसऱ्याची परवानगी लागणार, ती नसली तर तिऱ्हाइताची ओळख उसनी घ्यावी लागणार, हे ज्यांनी कुठंतरी एसीत बसून ठरवलं त्यांचा राग. त्यांनी माझ्या वहिनीसारखं माणूस डोळ्यांसमोर आणलंच नसेल.

माझा लॅपटॉप कॉलेजपासूनचा, कोणाचा तरी वापरलेला. त्यावरचं विंडोज रडत होतं तेव्हा मी स्वतःच लिनक्स टाकलं होतं. म्हणून मला माहीत होतं की फोनचंही असं होतं. अँड्रॉइडचा मूळ गाभा खुला आहे, कोणीही तो घेऊन कंपनीचं चिकटवलेलं काढून आपल्यासाठी बांधू शकतं. वहिनीच्या जुन्या मॉडेलसाठी कोणीतरी असं बांधून फुकट ठेवलं होतं. खातं न मागणारं. ॲपही खुल्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या वेगळ्या ऑनलाइन दुकानातून, नाव न सांगता. त्या अनोळखी माणसाचे पाय धरावेत असं वाटलं. आणि त्याच्यावर चिडलेही. सगळ्या सूचना इंग्रजीत, त्याही जाणकारानं जाणकारासाठी लिहिलेल्या. तिथंच एका माणसानं विचारलं होतं, हे माझ्या आईला जमेल का. खाली उत्तर होतं, आधी सूचना वाच. मला वाचता आलं, कारण मला रोज मुरबाडला इंग्रजी शाळेत पाठवलं गेलं. वहिनीला पाठवलं नव्हतं. फोन दोघींनाही सारखाच लागतो.

एका रविवारी दुपारी, दादा झोपलेला असताना, आम्ही दोघी मशीनच्या खोलीत बसलो. फोटो आधी लॅपटॉपवर काढून घेतले, त्या खात्यातून पुन्हा पुसले. मग कंपनीनं फोनला घातलेलं कुलूप उघडलं. सगळं पुसलं जाईल, अशी इंग्रजीत सूचना आली. वहिनीनं विचारलं, “काय म्हणतोय?” मी सांगितलं. ती म्हणाली, “पुस.” काळ्या पडद्यावर अक्षरं धावत होती तेवढा वेळ ती काज करत बसली होती, पण दोरा सुईत जात नव्हता. लॅपटॉपची बॅटरी गेलेली, लाईट गेली तर फोन अर्ध्यात मरेल हे मी तिला सांगितलं नव्हतं. फोन उठला. काही न विचारता उठला. नाव नाही, ईमेल नाही. वहिनीनं तो हातात घेतला, उलटा करून बघितला, जणू मागून काही सांडेल.

काही दिवस चांगले गेले. व्हॉट्सॲप चालत होतं, कॅमेरा चालत होता, बायका येत होत्या. मग दादाला वहिनीच्या फोनवरून गॅसचे पैसे भरायचे होते. पैशांचं ॲप उघडेना. लिहून आलं, हा फोन सुरक्षित नाही.

सुरक्षित नाही! मी तो निरोप दादाच्या खांद्यामागून वाचला आणि माझे कान तापले. पाठींचे फोटो दुसऱ्याच्या खात्यात चढत होते तेव्हा फोन सुरक्षित होता. आधार कार्डं, रिपोर्ट, पाळणे गोळा होत होते तेव्हा सुरक्षित होता. पहिल्यांदा त्यातून काहीच बाहेर जात नव्हतं, तेव्हा कोणीतरी लाल अक्षरांत घाबरवत होतं. कंपनीचं शिक्कामोर्तब नाही एवढाच त्याचा अर्थ. पण दादाला लाल अक्षरं दिसली.

“काय केलंस याला?”

मी फोन घ्यायला हात पुढं केला, त्यानं तो खिशात घातला.

“इंग्लिश शाळेत घातली म्हणून घरातल्या वस्तूंची वाट लावायची?” तो वहिनीकडं वळला. “आणि तू करू दिलंस? चल. दोघी चला. त्या दुकानवाल्याच्या पुढ्यात सांगा काय केलंत ते.”

वहिनीला वाटेत एक तयार ब्लाउज पोचवायचा होता, तो तिनं पिशवीत घातला. आम्ही जीपमध्ये बसलो. फोन दादाच्या खिशात होता. फोनमध्ये सगळे फोटो होते, मी परत टाकलेले, नवेही. दुकानदारानं मूळ सॉफ्टवेअर टाकताना आधी ते आपल्या कॉम्प्युटरवर उतरवले असते, मग आपलं खातं टाकलं असतं. आता आम्ही गुपचूप काही करू शकलो नसतो. दादानं नजर ठेवली असती.

जत्रा तोंडावर होती, दुकानात गर्दी. आमच्या गावचीही दोनचार माणसं होती. दादानं फोन काउंटरवर ठेवला.

दुकानदारानं चालू केला आणि हसला. “हे कोणी केलं? मॅडमनी?”

“हिनं,” दादा म्हणाला.

“मॅडम, फुकटचं सॉफ्टवेअर टाकायचं नसतं. हॅकर लोकांचं असतं ते. सगळा डेटा बाहेर जातो.” तो गर्दीकडं बघून बोलत होता. “शिकलेली माणसं फसतात बघा. आमच्याकडं आणायचा ना, आम्ही कशाला बसलोय?”

कोणीतरी मागून म्हणालं, “मॅडमला पण ट्रेनिंग द्या की दुकानात.” हसले सगळे. दादाही हसला, ओशाळून.

“टेन्शन नको घेऊ भाऊ,” दुकानदार म्हणाला. “डेटा काढून ठेवतो, ओरिजनल टाकतो. आपलं खातं टाकून देतो, परत झंझट नाही. पिन सांग.”

दादानं वहिनीकडं पाहिलं. “सांग पिन.”

वहिनी एक पाऊल मागं सरकली. तिनं पिशवी पोटाशी धरली होती. दुकानदार पिनसाठी बोट तयार ठेवून थांबला होता. त्याच्या बाजूला त्याचा स्वतःचा फोन पडला होता, मोठा, नवा.

“सांग ना गो,” दादा पुन्हा म्हणाला. “लोक थांबलेत.”

मी वहिनीकडं बघितलं. मी बोलले तर आज संध्याकाळपर्यंत गावात कळेल, आणि ज्या बायांसाठी बोलायचं त्याच उद्यापासून तिच्या खोलीत पाय ठेवणार नाहीत. हे मला माहीत होतं, तिला माझ्याहून जास्त. नाही बोलले तर त्या बाया येत राहतील, हसत पदर खाली घेतील, आणि हा इथं बसून बघेल.

वहिनीनं दुकानदाराकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“बोल गो,” ती म्हणाली. “मी सांगेन बायांना. माझी मी सांगेन.”

मी काउंटरवरचा वहिनीचा फोन उचलला. तो तिच्या पिशवीत टाकला. आवाज फाटला, पण दुकानाच्या बाहेरपर्यंत गेला.

“पिन नाही मिळणार. तुमचा फोन ठेवा इथं आणि तुमचा पिन सांगा सगळ्यांसमोर. आमच्या गावच्या बायकांचे फोटो तुमच्या खात्यात चढत होते, तुम्ही इथं बसून बघत होतात. मी पुसायच्या आधी ते तुमच्या फोनमध्ये उतरवले नाहीत हे आधी दाखवा, दादाला दाखवा, मग मागा हिचा फोन.”