काट्यापाशी बसायचं काम माझं होतं

ही गोष्ट माझ्या बायकोला माहीत नाही. ज्याला सगळ्यात आधी कळायला हवी होती, त्यालाही नाही. तुम्हालाच का सांगतोय? कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसासमोर बसलो की माझी जीभ भलतंच काहीतरी बोलायला लागते — आणि बोलण्यात मी पहिल्यापासून पटाईत आहे.

नव्वदीच्या सुरुवातीला कुपवाडला आमचं छोटं वर्कशॉप होतं. आमचं म्हणजे माझं आणि मिलिंदचं. मी डिप्लोमावाला, तो आयटीआयचा फिटर. एकाच कारखान्यात भेटलो, एकाच लुनावरून कामाला जायचो, आणि दोघांनी एकदमच नोकरी सोडली. जागा माझ्या वडिलांची, म्हणून पाटीवर नाव माझं. पाईपाचं काम मिलिंद करायचा आणि गिऱ्हाइकांशी मी बोलायचो.

मिरजेच्या रस्त्याला एका डॉक्टरीणबाईंचं प्रसूतिगृह होतं. त्यांना वरचा मजला चढवायचा होता, पण उन्हाळ्याची धास्ती होती. स्लॅब तापला की बाळंतिणी भाजून निघायच्या, बाळांच्या अंगभर घामोळं उठायचं. कूलरची ओली हवा बाईंना नको होती, आणि एसी घ्यावा तर बिल डोईजड, शिवाय वीज जायची ती जायचीच. मी त्यांना म्हणालो, छतच गार ठेवू या. स्लॅबच्या पोटात काळ्या पाईपांची वेटोळी टाकायची, विहिरीचं पाणी लहानशा पंपानं त्यातून सावकाश फिरवायचं, आणि बाहेर पडेल ते कपडे धुवायला, झाडांना वापरायचं. बर्फाचं पाणी लागतच नाही हो यात. विहिरीचं जेवढं गार असतं तेवढं पुरतं, कारण अख्खं छत खोलीतली उष्णता ओढून घेतं. वारा नाही, आवाज नाही, विजेचा खर्च एखाद-दुसऱ्या पंख्याइतका.

बघा, अजूनही मी गिऱ्हाईक पटवत असल्यासारखाच बोलतोय. पण कल्पना खरंच चांगली होती. हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल!

मिलिंदनं ते पाईप फार मनापासून टाकले. प्रत्येक वेटोळं एकसंध, अखंड. स्लॅबच्या आत एकही जोड नाही, सगळे जोड भिंतीतल्या पेटीत, हाताला येतील असे. हे आमचं आधीच ठरलं होतं. म्हणजे मला पक्कं माहीत होतं — आत जोड नाही. हे तेवढं ध्यानात ठेवा.

अशा कामात एक रीत असते. काँक्रीट ओतायच्या आधी पाईपात पाणी भरून हातपंपानं दाब चढवायचा, आणि ओतणं चालू असेपर्यंत एकानं दाब दाखवणाऱ्या गेजच्या काट्यापाशी बसून राहायचं. कुणाचं फावडं लागलं, माल बसवायचा व्हायब्रेटर घासला, तर काटा खाली येतो. तो आला की ओरडायचं. माल ओला आहे तोवर उकरून पाईप दुरुस्त होतो. सुकला की संपलं. मिलिंद दिवसभर सळ्यांवर फिरून बायामाणसांना पाईपावर पाय देऊ नका म्हणून सांगत होता. काट्यापाशी बसायचं काम माझं होतं. सोपं काम — नुसतं बसायचं.

मी उठलो. स्लॅबचा दिवस म्हणजे कामगारांना जिलेबी, जेवण आलंच, आणि खाली मांडवात बाईंच्या ओळखीचे दोन बिल्डर आले होते, त्यांतला एक थेट साताऱ्याहून. त्यांना 'पाण्यानं गार होणारं छत' काय भानगड आहे ते ऐकायचं होतं. मला बोलावणं आलं. मी गेलो, आणि बसलो तो बसलोच. लोक ऐकत होते, माना डोलवत होते. साताऱ्याचे गृहस्थ म्हणाले, असंच एक आमच्याकडंही करून द्या. मी हवेतच होतो.

परत वर आलो तेव्हा काटा पडलेला होता. पार नाही — निम्म्याच्या आसपास.

मला वाटलं, पंपाचा कॉकच ढिला असेल. असं मला खरंच वाटलं का? की वाटून घेतलं? कॉक आवळला, हँडल मारून काटा चढवला. तो हळूहळू पुन्हा उतरायला लागला. मिक्सर घरघरत होता, घमेल्यांची रांग चालू होती. ओरडलो असतो तर सगळं थांबलं असतं. निम्मा स्लॅब उकरावा लागला असता, आणि खाली मांडवात ज्यांच्यापुढं मी एवढा वेळ फुशारकी मारली होती ते वर बघायला आले असते. पलीकडच्या टोकाहून मिलिंदनं हाक दिली, "अवी, काटा हाय न्हवं जाग्यावर?"

मी म्हणालो, "हाय."

संध्याकाळी त्यानं येऊन स्वतः पाहिलं तेव्हा काटा जागेवर होता, कारण मी नुकताच चढवला होता. दुसऱ्या दिवशी, उतरलेला काटा त्याला दिसू नये म्हणून, तो येण्याआधी मी जाऊन गेजसकट हातपंप सोडवून आणला. म्हणजे ती त्या क्षणापुरती घसरलेली जीभ नव्हती. मी विचार करून केलं.

पुढच्या उन्हाळ्यात वॉर्ड सुरू झाला. काही आठवडे तर नवलच होतं. भर दुपारी बाया निवांत झोपलेल्या, बाळं कुरकुरत नाहीत. डॉक्टरीणबाई येईल-जाईल त्याला वर नेऊन दाखवायच्या. मग छताला एक ओला डाग आला. तो पसरत गेला, आणि एका दुपारी गिलाव्याचा भलामोठा पोपडा एका खाटेवर पडला. खाटेवरची बाळंतीण बाळाला घेऊन तेवढ्यापुरती खिडकीशी गेली होती. तेवढ्यापुरती.

बाईंनी पंप बंद करायला लावला आणि आम्हा दोघांना गच्चीवर नेलं. असं कसं झालं, एवढंच विचारलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "एखादा जोड कच्चा राहिला असेल."

मिलिंदनं माझ्याकडं चमकून बघितलं. "बाई, स्लॅबमदी जोडच न्हाई. अवी, सांग की त्यास्नी."

बाई माझ्याकडं बघू लागल्या. आणि मी — गच्चीच्या कठड्याकडं बघत म्हणालो, "गडबडीत राहून जातं कधीकधी."

मिलिंद बौद्ध. इथं हे सांगायलाच हवं. चूक माझी निघाली असती तर लोक म्हणाले असते, नवीन काम होतं, चुकलं बिचाऱ्याचं. त्याची निघाल्यावर काय बोलतील, कुणाकुणाला धरून बोलतील, हे मला ठाऊक होतं. नंतर नाही कळलं, गच्चीवर उभा होतो तेव्हाच ठाऊक होतं. आणि तसंच झालं. बिल्डर तोंडावर म्हणायचे, काम तुमच्याकडंच देतो, पण 'तो' माणूस नको. मी एकदाही भांडलो नाही.

पण यापेक्षाही वाईट गोष्ट वेगळीच आहे. त्या दिवशी लुनावरून परतताना तो मागं बसला होता. मला वाटलं, आता शिव्या देईल — मी वाटच बघत होतो. कुपवाडच्या फाट्याशी तो म्हणाला, "माझ्याच हातनं एखादा तुकडा जोडला गेला आसंल का रं? मला तर आठवंना."

तो मला खोटारडा म्हणत नव्हता. माझ्या शब्दाखातर तो स्वतःच्या हातांना खोटं ठरवायला निघाला होता. तेव्हा तरी लुना थांबवायला काय झालं होतं मला?

मी म्हणालो, "आसंल."

त्यानंतर तो पूर्वीचा राहिलाच नाही. साधा नळ बसवला तरी पुन्हापुन्हा जाऊन हात लावून बघायचा. रात्रीचा उठून बसतो, असं त्याची आई मला सांगायची — मलाच. वर्षभरात त्यानं पाईपाचं काम सोडलं आणि तो महाबळेश्वरला कुठल्याशा हॉटेलात लागला. मी अडवलं नाही. खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं. वर्कशॉप चाललं, वाढलं. छतातल्या पाण्याचं काम मात्र मी पुन्हा घेतलं नाही, जिल्ह्यात दुसऱ्या कुणी केल्याचंही ऐकलं नाही. त्या वॉर्डात पंखेच लागले. वैशाखात तिथं बाळंतिणी येतच राहिल्या.

नव्वदीचं दशक सरता सरता आम्ही सहकुटुंब महाबळेश्वरला गेलो होतो. बाजारात त्यानंच मला ओळखलं. आनंदानं मिठी मारली, ओढतच घरी घेऊन गेला. हॉटेलच्या मागं दोन खोल्या. तो आता गरम पाण्याच्या बंबावर होता, लाकडं घालायची आणि राख काढायची. बायकोमुलांना मी बाजारातच थांबायला सांगितलं होतं. का, ते तुम्हाला कळलंच असेल.

त्याच्या बायकोनं चहा केला. तो तिला म्हणाला, "ह्योच तो अवी. माझ्या चुकीपायी ह्याचं लय नुकसान झालं, नाव गेलं, पर मला कवा एका शब्दानं बोलला न्हाई. आसा माणूस मिळत न्हाई गं." बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले. मग कोपऱ्यात अभ्यास करत बसलेल्या मुलीला त्यानं हाक मारली आणि सांगितलं, काकांच्या पाया पड.

ती उठली, वाकली. मी पाय मागं घेतले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "बापासारखी हो."

असं म्हणालो, चहा संपवला आणि निघालो.