मारू नका, पुढच्या वर्षी धरेल

आप्पा, मी निघालो त्या सकाळी तुम्ही कुऱ्हाड घेऊन परड्यातल्या फणसावर धावून गेलात. फळ न धरणाऱ्या झाडाला आपल्याकडे असाच धाक देतात. एकाने मारायला उठायचं, दुसऱ्याने मध्ये पडायचं. मध्ये पडायचं काम लहानपणापासून माझं. "मारू नका, पुढच्या वर्षी धरेल," मी म्हणालो. त्या दिवशी तुम्ही थांबला नाहीत. घाव खोल गेला, पांढरा चीक उडाला. "मेल्या, पाणी माझं पितोस नि सावली दुसऱ्याला!" तुम्ही ओरडलात ते झाडाकडे पाठ करून, माझ्याकडे बघत. गाडीपर्यंत आला नाहीत.

भूकंपानंतर ख्राइस्टचर्चला इंजिनिअर हवे होते, म्हणून मी इथे. शहराबाहेर मार्गारेट नावाच्या म्हाताऱ्या बाईंचं दगडी घर आहे. तळं, उतरती हिरवळ, ओकची रांग, सगळं इंग्लंडमधल्या जुन्या हवेल्यांसारखं. ओकची फळं त्यांच्या पणजोबांनी लावायला इंग्लंडहून बोटीतून आणलेली. भूकंपात जमीन फाटली, मुळं तुटली आणि सगळ्यात जुना ओक घरावर कलला. पाडायला हवा, असा रिपोर्ट मीच दिला.

चेनसॉ सुरू झाला आणि माझ्या तोंडून मराठीतच निघालं, "मारू नका!" चेनसॉवाला हसला. "टू लेट, मेट." ओक कडाडत कोसळला. गुलाबांचा ताटवा चिरडला, कारंज्याचे तुकडे उडाले. जमीन हादरली तशी मार्गारेटबाईंनी माझा दंड गच्च धरला. काय ओरडलास, त्यांनी विचारलं. मी आपली रीत सांगितली.

"पणजोबांनी इथलं रान जाळून हे पार्क उभं केलं," त्या म्हणाल्या. "तेव्हा मध्ये कोण पडलं?"

घरी लेकीला सांगितलं, तर ती म्हणाली, "बाबा, इट वॉज जस्ट अ ट्री."

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "फणस अजून धरत नाही. कुऱ्हाड उचलली तर मध्ये पडायला आहे कोण? यंदा तोडूनच टाकतो."

"स्पीकर लावा," मी म्हटलं. "आता उचला कुऱ्हाड."

आणि ओरडलो, "मारू नका आप्पा, पुढच्या वर्षी धरेल!" इथे शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. मग फोनमधून पायरीच्या दगडावर कुऱ्हाड टाकल्याचा आवाज आला.

"दरवर्षी हेच सांगतोस," तुम्ही म्हणालात.

इतक्या लांबून मला एवढंच अडवता येतं, आप्पा. माझं घर आता त्या हाकेएवढंच आहे.