बारा नव्हे, पाच

सिलिपा सामोआच्या राजधानीत, आपियात, बस चालवते. वय अडतीस, पाठ नीरफणसाच्या बुंध्यासारखी. आमच्या पत्र्याच्या जिममध्ये ती सहा वर्षं डेडलिफ्ट करतेय, म्हणजे जमिनीवरचा बार ताठ उभं राहीपर्यंत उचलतेय, आणि मी तिच्या बारला वजनं लावतोय. पॅसिफिक स्पर्धेच्या संघात जायचं तर निवड चाचणीत एकशेऐंशी किलो उचलायला हवे होते. ती वर्षभर एकशेपासष्टवर अडकली होती.

तिची पद्धत एकच. एकशेदहा किलो, बारा वेळा. पुन्हा बारा. त्यानं अंग भरत गेलं, शर्ट उसवत गेले. बार मात्र एकशेपासष्टच्या पुढे जमीन सोडेना. जड वजनाशी तिची भेटच होत नव्हती. हे तिला कोणी सांगायचं? मी तर भीतच होतो.

आमचे कोच फेलेतीकाका आईच्या आजारपणासाठी दहा आठवडे पलीकडच्या सवाई बेटावर गेले. सिलिपानं त्यांना आपल्या सरावाचा व्हिडिओ पाठवला. फोन आला तेव्हा वाऱ्यानं अर्धं बोलणं खाल्लं, उरला एकच शब्द.

"लिमा, सिलिपा! लिमा!"

आमच्या भाषेत लिमा म्हणजे पाच. सिलिपानं बाराचे सेट त्याच दिवशी सोडले. पाचच वेळा उचलायचं, पण एकशेतीस. मग चार मिनिटं बाकावर गप्प बसायचं. मग पुन्हा पाच. दर आठवड्याला अडीच किलो वाढवायचे. दहाव्या आठवड्यात तिनं एकशेसाडेबावन्न पाच वेळा उचलले आणि फेलेतीकाका नेमके दारात उभे.

"हे पाच-पाचचं खूळ कुणी घातलं डोक्यात?"

"तुम्हीच ना काका! लिमा, लिमा म्हणून बोंबलत होता."

"अगं ए बये, मी हाताबद्दल बोलत होतो! दहाव्या वेळेला तुझी बोटं उघडत होती."

हातही लिमाच. सगळं जिम खदखदलं. सिलिपा लाल झाली.

"मग नीट सांगायचं होतं. हाताला मानाचा शब्द वेगळा आहे, तो वापरला असता तर हातच समजले असते."

"मानाचा? तुला? तू काय गावची प्रमुख आहेस?"

मग ते बारजवळ वाकले, तिचे तळवे उलटेपालटे करून पाहिले. हसू ओसरलं.

"पाचात बोटं उघडत नाहीत. चुकून बरोबर ऐकलंस पोरी."

"म्हणजे बाराची सहा वर्षं वाया?"

"वाया कशी? बारानं मांस चढवलं, पाचानं त्याला कामाला लावलं. आता तीन आठवडे तीन-तीन, मग दोन-दोन. चाचणीला एकच."

चाचणीच्या शनिवारी सकाळी शाळेच्या सभागृहात तिनं पहिल्या प्रयत्नात एकशेसाठ, दुसऱ्यात एकशेसत्तर उचलले. दोन्ही वेळा पंचांचे पांढरे दिवे लागले, म्हणजे उचल मान्य. तिसऱ्याला मी एकशेऐंशी लावले. चकत्या दोनदा मोजून पाहिल्या.

ती वाकली. बार वाकला, वजन मात्र हललं नाही. एक क्षण, दुसरा. मागून तिच्या आत्या आणि तिच्या बसचे सगळे उतारू ओरडत होते. मग चकत्यांखाली उजेडाची एक फट दिसली. बार नडगीवरून गुडघ्यापर्यंत आला, तिथं अडला, तिचं तोंड वेडंवाकडं झालं, आणि तो मांडीवर चढला. खांदे मागे गेले.

बार ठेवायची खूण म्हणून पंचानं हात खाली केला तरी ती बार सोडेना.

"ठेव आता, सिलिपा!" काका किंचाळले. "झालं!"

"थांबा हो," ती वजन धरूनच म्हणाली, "जरा बघू तरी द्या इथून कसं दिसतं ते."

मग तिनं वजन सावकाश खाली टेकवलं. मग तिनं वजन सावकाश खाली टेकवलं.