इंजिनावरचा ऑइलपेंट

अण्णांच्या डोळ्यांचं ऑपरेशन नांदेडला करायचं ठरलं, म्हणून ते लातूरहून माझ्याकडे राहायला आले. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या डोळ्याचा आतला पडदाच गेलाय, त्याला हात लावण्यात अर्थ नाही, असं डॉक्टर म्हणाले. थोड्या दिवसांसाठी आलेले माझे वडील मग वर्षभर राहिले, आणि त्या वर्षात माझ्या हातून आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम झालं. त्याचं पुढे काय झालं ते आठवलं की अजूनही तोंड कडू होतं.

मी शाळेत चित्रकला शिकवते. वेळापत्रकात माझे तास असतात, पण दिवाळीनंतर ते हळूहळू गणिताच्या सरांकडे जातात. पालकांची तक्रार नसते, मुख्याध्यापकांची तर नसतेच. अशा माणसाला हाताला काहीतरी काम लागतं. मला रेल्वेची मॉडेलं करायचा नाद लागला. पहिला डबा मी पुठ्ठ्याचा केला, दाढीच्या ब्लेडनं कापून. खिडक्या वेड्यावाकड्या आल्या. रंग शाळेच्या ब्रशनं दिला, त्याचे केस रंगात अडकून तिथेच वाळले. बरेच दिवस मला वाटायचं की आपल्या हातातच ते नाही.

मग मी चांगली हत्यारं घ्यायला लागले. एकदम नाही, एकेक करून. प्लॅस्टिक कापायची बारीक कटर, जिनं कापलेली कड घासावी लागत नाही. सुईसारख्या कानशी. केसाएवढं भोक पाडणारं हातातलं छोटं ड्रिल. टोक न वाकणारा चिमटा. आणि शेवटी एअरब्रश, सोबत छोटा कॉम्प्रेसर. एअरब्रशनं पहिल्यांदा रंग उडवला तेव्हा डब्यावर रंगाचा थर दिसलाच नाही, डबाच त्या रंगाचा झाला. त्या दिवशी मला कळलं की हात बरा होता. हत्यार वाईट असलं की चूक कुणाची तेच समजत नाही आणि आपण मुकाट्यानं स्वतःवर घेत राहतो.

नवऱ्यानं एकदाच विचारलं, "याचं पुढं करायचं काय?"

"बघायचं," मी म्हणाले.

त्यानंतर त्यानं काही विचारलं नाही आणि बघायलाही आला नाही.

अण्णा लातूरच्या छोट्या गाडीवर, नॅरोगेजवर, फायरमन होते, इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकायचे. आता मोठी लाईन आली, स्टेशन गावाबाहेर गेलं, आणि छोट्या गाडीला फाटकात उभं राहून हात करणारी आमची पिढी पन्नाशीला आली. आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलो, मी आणि माझा धाकटा भाऊ. अण्णा घरी यायचे तेव्हा त्यांच्या कपाळावर काजळीची रेघ असायची, टोपी जिथपर्यंत बसायची तिथपर्यंत.

माझ्या टेबलाजवळ खुर्ची टाकून ते बसायला लागले, ते करमत नव्हतं म्हणून. एका डोळ्यानं त्यांना धूसर दिसायचं, तेही वस्तू अगदी नाकाशी धरली तर. मी तेव्हा त्यांचंच इंजिन करायला घेतलं होतं. तळहाताएवढं. आतली मोटर आणि चाकं तयार आणली होती, बाकी सगळं प्लॅस्टिकच्या पत्र्यातून आणि पितळी तारेतून मी घडवत होते.

"काय करायलीस?" त्यांनी विचारलं.

"तुमचं इंजिन."

त्यांनी हातात घेतलं. बोटं बॉयलरवरून, धुराड्यावरून, मग मागं केबिनपर्यंत नेली. पायरीपाशी थांबले. "ही पायरी खाली पाहिजे. इतक्या वर चढायला मी काय माकड हाव का?"

मी पायरी काढली, खाली लावली. तिथून पुढं ते काम आमच्या दोघांचं झालं. मी काळा रंग दिला तर म्हणायचे, इंजिन काळं नसतंय. धुराड्याजवळ राखेचा करडा, खाली चाकांवर तेल आणि माती मिळून झालेला तपकिरी, आणि फायरमनच्या बाजूला, जिथं हात सारखा लागतो, तिथं दांडा घासून पांढरा पडलेला. मी पातळ रंगाचे हात मारत गेले, एक वाळला की दुसरा, शून्य नंबरच्या, अगदी बारीक ब्रशनं गंज ठिपक्याठिपक्यानं बसवला. महिने गेले. एक दिवस त्यांनी इंजिन नाकाशी धरलं आणि म्हणाले, "पाण्याचे ओघळ कुठं हायेत?"

"कसले ओघळ?"

"अगं, आपल्याकडचं पाणी कसलं? लई क्षाराचं. बॉयलरच्या झडपेखाली पांढरे ओघळ वाळलेले असायचे. पुसून पुसून हैराण व्हायचो, जायचे न्हाईत. ते काढ."

ते ओघळ काढायला मला चार वेळा पुसून पुन्हा करावं लागलं. शेवटी जमले. अण्णांनी बघितलं, बराच वेळ बघितलं. "हां," एवढंच म्हणाले, आणि खुर्ची मागं सरकवून डोळे मिटून बसले. शाळेत इतकी वर्षं काढून मला तशी पावती कधी मिळाली नव्हती.

मग डबे झाले. मग जुनं स्टेशन, दगडी, खाटेएवढ्या फळीवर. फलाटाची फुटलेली कड, पाण्याची टाकी, कडुनिंब. प्रत्येक गोष्टीवर लातूरची धूळ, कारण अण्णा म्हणायचे, चकाचक असलं ते फोटोतलं.

माझा भाऊ लातूरला बांधकामाची कंत्राटं घेतो. अण्णांना भेटायला आला तेव्हा त्यानं हे सगळं पहिल्यांदा पाहिलं. कमरेवर हात ठेवून फळीभोवती फिरला, मोबाईलवर फोटो काढले. मला वाटलं, त्यालाही क्वार्टर आठवलं असेल. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

"अक्का, आमचे अध्यक्ष हायेत ना शिक्षणसंस्थेचे, त्यांनी नवीन सभागृह बांधलंय. त्यात लातूरच्या जुन्या आठवणींचा कोपरा करायलेत. तुझं स्टेशन तिथं ठेवू. काचेच्या पेटीत. सगळं लातूर बघंल."

संस्थेचं पुढचं वसतिगृह बांधायचं काम त्याला हवं होतं, हे त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. सगळं लातूर बघेल, हे मला खरंच वाटलं. अण्णा तर पोरासारखे खूश झाले. मी एकेक डबा कापसात गुंडाळला, फळीला खालून लाकडी चौकट केली आणि टेम्पोवाल्याला दहादा बजावून सामान पाठवलं. शाळेत परीक्षा होत्या, त्यामुळे मांडणीला मला जाता आलं नाही. भाऊ म्हणाला, मी हाय ना.

उद्घाटनाच्या दिवशी मी अण्णांना घेऊन नांदेडहून गाडीनं गेले. अण्णा नवं धोतर नेसले होते, टोपीही नवी होती. सभागृहात खुर्च्या, सतरंज्या, हारतुऱ्यांचा वास. कोपऱ्यात काचेची पेटी होती, तिचं झाकण अजून बसवायचं होतं. मी लांबूनच ओळखलं की काहीतरी चुकलंय. कोपरा चमकत होता.

इंजिन काळंभोर, आरशासारखं. डबे लालभडक, खिडक्यांच्या कडा पिवळ्या. स्टेशनच्या दगडांना गुलाबी रंग आणि मधून पांढऱ्या रेघा. कडुनिंबसुद्धा हिरवा रंगवला होता, पानं एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे झाले होते. ऑइलपेंट. दाराला, ग्रिलला देतात तो. खिडक्यांच्या कोपऱ्यांत तो साचून वाळला होता. मी केसाएवढ्या ड्रिलनं पाडलेली भोकं बुजली होती. पुढं पितळी पाटीवर लिहिलं होतं, सप्रेम भेट, आणि खाली माझ्या भावाचं नाव.

अध्यक्ष जवळच उभे होते. भावानं माझी ओळख करून दिली. ते चांगल्या आवाजात म्हणाले, "ताई, छान केलंत हो. जरा कळकट दिसत होतं, पाहुण्यांपुढं कसं ठेवायचं? आमच्या पेंटरनं एका दिवसात पार नवं करून टाकलं."

मी भावाकडं पाहिलं.

"मीच म्हणलो रंगवा म्हणून," तो म्हणाला. "टेम्पोत धूळ बसली होती ना."

त्याला वाटलं ती धूळ टेम्पोतली होती. मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात अध्यक्ष अण्णांना हाताला धरून पुढं घेऊन गेले. जुने रेल्वे कामगार, फोटो पाहिजे होता. कुणीतरी अण्णांच्या हातात ते इंजिन दिलं. अण्णांनी ते नाकाशी नेलं नाही, फोटोवाला सरळ बघा म्हणत होता. त्यांनी नुसती बोटं फिरवली. बॉयलरवरून, धुराड्यावरून, पायरीपर्यंत. पायरीपाशी ऑइलपेंटचा थेंब वाळून मणी झाला होता. तिथं बोट थांबलं.

"हे कुणाचं इंजिन हाय?" त्यांनी विचारलं.

"तुमचंच की अण्णा," भाऊ हसून म्हणाला. लोकही हसले. म्हातारा माणूस, विसरला असेल. फोटो निघाला.

मी अण्णांच्या कानाशी जाऊन सांगितलं, "त्यांनी रंगवलंय. सगळं रंगवलंय." अण्णांनी मान हलवली आणि इंजिन माझ्या हातात दिलं. पुढं भाषणं झाली, त्यांत एकानं मातीशी जोडलेल्या आठवणींचा उल्लेख केला. माझं नाव कुठं आलं नाही, आणि तोवर ते यावं असं मलाही वाटेनासं झालं होतं.

भावाच्या घरी जाताना गाडीत मी आणि अण्णा मागं बसलो होतो. भाऊ दुसऱ्या गाडीत अध्यक्षांबरोबर. मला रडू येत नव्हतं, नुसता जबडा दुखत होता. मी म्हणाले, "मी उद्या सगळं परत घेऊन जाणार. चारचौघांत सांगणार, काय केलंय यांनी."

अण्णा खिडकीकडं तोंड करून बसले होते. "असं करू नको," ते म्हणाले. "त्याचं काम व्हायलंय. खामखा बिघडंल."

"अण्णा, ते ओघळ तुम्ही सांगितले होते."

"हाव. सांगितले होते." मग म्हणाले, "मला आता दिसतात कुठं?"

अध्यक्षाचा राग मी करू शकते, भावाचाही. त्यांना कळलंच नाही, असं म्हणता येतं. पण अण्णांना कळलं होतं. बोट लावताक्षणी कळलं होतं. आणि त्यांनी मुलाचं काम निवडलं. ते त्या दिवसापासून भावाकडंच राहिले. औषधं तिथं मिळतात, नातवंडं आहेत, हे सगळं खरं आहे.

इंजिन माझ्याकडंच राहिलं होतं. मी ते पर्समध्ये घालून नांदेडला आणलं. चोरी म्हणायची तर म्हणा. काचेच्या पेटीत डबे इंजिनाशिवाय उभे आहेत, याची चौकशी करणारा फोन मला अजून आलेला नाही.

ऑइलपेंट काढता येतो. कडक थिनर वापरला तर प्लॅस्टिकच विरघळतं, म्हणून सौम्य द्रावणात भिजत ठेवायचं आणि जुन्या टूथब्रशनं हलक्या हातानं घासायचं. मला ते माहीत होतं. हेही माहीत होतं की द्रावणाला वरचा रंग आणि खालचा रंग यांतला फरक कळत नाही. तरी मी केलं. पेंटरचा काळा सुटला, आणि त्याच्याबरोबर राखेचा करडा, तेलाचा तपकिरी, घासलेला दांडा, सगळं गढूळ पाणी होऊन बशीत उतरलं. हातात पांढरं कोरं प्लॅस्टिक राहिलं. पुन्हा रंगवावं म्हणून मी दोन-तीनदा बसले. रंग मिसळता येतात, हात आहे, हत्यारं तर उत्तमच आहेत. पण पहिला हात मारला की शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडं लक्ष जायचं आणि डोकं तापायचं. तापल्या डोक्यानं शून्य नंबरचा ब्रश चालत नाही. मी ते इंजिन कपाटात ठेवून दिलं.

भावाला वसतिगृहाचं काम मिळालं. पहिला स्लॅब टाकला त्या आठवड्यात त्याचा फोन आला. आवाज मोकळा होता.

"अक्का, अध्यक्षांच्या नातवाचा वाढदिवस हाय. एक छोटी गाडी करून दे ना. तसली धुळकट न्हाई, जरा चकाचक."

"न्हाई," मी म्हणाले.

"म्हणजे? वेळ न्हाई का?"

"वेळ हाय. देणार न्हाई."

तो म्हणाला, "लई ताठा आलाय तुला. एवढं काय वाकडं झालं ग? खेळणंच ते." आणि फोन ठेवला.

भाऊबीजेला मी गेले, जावंच लागतं. ओवाळलं, त्यानं साडी दिली, वहिनीनं आग्रह करून वाढलं. अण्णा बाजेवर बसले होते. त्यांना आता जवळजवळ काहीच दिसत नाही. मी शेजारी बसले तर त्यांनी माझा हात हातात घेतला आणि माझ्या बोटांचा वास घेतला; थिनरचा वास धुऊनही जात नाही.

"काय करायलीस सध्या?" त्यांनी हळूच विचारलं.

माझ्या टेबलावर नांदेडच्या जुन्या मीटर गेजचा एक मालडबा अर्धा झाला होता, आणि त्याच्या दाराच्या बिजागऱ्या मनासारख्या बसल्या होत्या.

"काही न्हाई," मी म्हणाले. "बंद केलं ते सगळं."

त्यांनी माझा हात सोडला नाही. वहिनीनं चहा आणला. मी तो घेतला आणि अंधार पडायच्या आत नांदेडची गाडी धरली.