स्पार्टा म्हणजे स्पर्धा नव्हे

चूक माझ्या कानांची होती, हे आधीच कबूल करते. नात शाळेतून आली, दप्तर सोफ्यावर टाकलं आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "आजी, मला स्पार्टा आलंय."

मी कणीक मळत होते. म्हटलं, "स्पर्धा? अरे वा! कसली गं?"

"स्पार्टा."

"हो, कळलं, पण कसली? धावण्याची की चित्रकलेची?"

"आजी! स्पर्धा नाही. स्पार्टा. ग्रीस. खूप जुनं ग्रीस." आणि कपाळावर हात मारून ती खोलीत गेली.

मी तशीच कणकेच्या हातांनी तिच्या मागे. आमचा सिंगापूरचा, बुकित बातोकमधला फ्लॅट केवढासा, रुसून जायचं म्हटलं तरी माणूस फार लांब जाऊ शकत नाही. पाहते तर ही पलंगावर पालथी पडून रडतेय.

मग तुकड्यातुकड्यांनी गोष्ट बाहेर आली. ती तेव्हा तेरा वर्षांची, सेकंडरी वनमध्ये, म्हणजे आपल्या सातवीत. इतिहासाच्या बाईंनी धड्याबाहेरचा विषय काढून वर्गात चिठ्ठ्या टाकल्या होत्या. अर्ध्या मुलांना अथेन्स, अर्ध्यांना स्पार्टा. प्रत्येकाने उभं राहून तीन मिनिटं सांगायचं की राहायला आमचंच शहर का बरं. शेवटी वर्गाने मत द्यायचं. हिला हवं होतं अथेन्स. नाटकं तिथे, पुतळे तिथे, मोठमोठे विचारवंत तिथे. आणि हिच्या वाट्याला आलं ते हे, भाले घेऊन कवायत करणारं गाव.

पण खरं रडू स्पार्टाचं नव्हतंच. रडू त्या तीन मिनिटांचं होतं. दोन वर्षांपूर्वी प्रायमरी शाळेत ही स्टेजवर कविता म्हणायला उभी राहिली आणि तिसऱ्या ओळीवर अडकली. हॉल शांत, ही शांत. शेवटी कुठल्याशा बाई येऊन हाताला धरून घेऊन गेल्या. त्या दिवसापासून पोरीचं बोलणंच आटलं. घरात काही विचारा, उत्तर एका शब्दात, तेही इथल्या सिंगापुरी इंग्रजीत. "कॅन." "कॅनॉट." फारच प्रेमात आली तर "ओके लाह."

"पुढच्या शुक्रवारी मला ताप येणार आहे," उशीत तोंड खुपसून ती म्हणाली.

"आठ दिवस आधी ताप कळणारी तू आपल्या घरातली पहिलीच," मी म्हटलं. "ऊठ. तो शाळेचा कागद घेऊन ओट्याशी ये. मी पोळ्या लाटते, तू मला मराठीत सांग. मला कळलं तर वर्गाला कळेलच."

मी सातवी पास. पुढचं जे काही आहे ते वाचनालयातून, वर्तमानपत्रांतून आणि लोकांना प्रश्न विचारून विचारून मिळवलेलं. त्यामुळे ग्रीस मला अगदीच परकं नव्हतं. फार पूर्वी जगाच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक वाचलं होतं. त्याची शेवटची पानं गायब होती, त्यामुळे बरीच वर्षं माझ्यापुरतं जग मध्येच कुठेतरी थांबलं होतं, ते सोडा.

तर ती सांगायला लागली. अथेन्समध्ये सगळे नागरिक एका जागी जमायचे. बोलायचे, वाद घालायचे, हात वर करून ठरवायचे.

"अगं, हे तर माझं माहेर!" मी म्हटलं. आमच्याकडे जेवायला आठ माणसं आणि मतं नऊ. एक म्हैस घ्यायची की नाही यावर तीन दिवस चर्चा चालली होती. चौथ्या दिवशी म्हैस दुसऱ्याने नेली.

नात हसली. आणि स्पार्टात? स्पार्टात बोलणं अगदी कमी. एका राजाने त्यांना धमकी पाठवली की, मी जर तुमच्या मुलखात शिरलो तर तुमचं शहर धुळीला मिळवीन. स्पार्टाने उत्तर पाठवलं, एकच शब्द. "जर."

मी इतकी हसले की पोळपाटावरचं पीठ उडालं. "ही तर तुझी पणजी!"

माझ्या सासूबाई. उभा संसार त्यांनी तीन शब्दांवर चालवला. "बघू", "असू दे" आणि "पुरे". पाहुणे आले की "असू दे". आम्ही जावा हसायला लागलो की "पुरे". आणि कुणी काहीही मागितलं की "बघू". त्या "बघू"चा अर्थ हो की नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखायला मला सहा वर्षं लागली.

"म्हणजे मी अथेन्सची," मी पोळी तव्यावर टाकत म्हटलं. यात शंका घ्यायला जागा नव्हती. रोज सकाळी मी खाली व्हॉइड डेकमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, चिनी बायकांबरोबर हातपाय हलवायला जाते. त्यांना मराठी येत नाही, मला चिनी येत नाही, तरी आमच्या गप्पा दहा-दहा वाजेपर्यंत संपत नाहीत.

नात कागदावर बोट ठेवून थांबली. "आजी, तू अथेन्समध्ये बोलूच नाही शकणार."

"का म्हणून?"

"तू बाई आहेस ना. बायकांना त्या सभेत अलाउड नाही. वोट पण नाही. चांगल्या घरच्या असतील तर घरातच बसायचं."

"आणि स्पार्टात?"

"वोट तिथे पण नाही. पण मुली पळायच्या, कुस्ती करायच्या. जमीन पण असायची बायकांच्या नावावर."

माझं लाटणं थांबलं. तव्यावरची पोळी करपली, ते तिनेच सांगितलं.

मग मी तिला जे सांगितलं, ते तिच्या बापालाही कधी सांगितलं नव्हतं. माझ्या त्या बोलक्या माहेरी एकाच गोष्टीवर चर्चा झाली नाही, ती म्हणजे माझी शाळा. पुरुष ओसरीवर बसले होते, मी आत तांदूळ निवडत होते. "सातवी झाली, बास झालं," कुणीतरी म्हणालं आणि लगेच दुसरा विषय निघाला. म्हशीला तीन दिवस दिले आणि मला एवढंच. आणि त्या मुक्या सासरी? एकदा गूळ बांधून आलेला वर्तमानपत्राचा कागद मी उभ्याउभ्याच वाचत होते. सासूबाईंनी पाहिलं. बोलल्या काहीच नाहीत, मी आपली घाबरून कामाला लागले. पुढच्या आठवड्यात त्यांनी माझ्या ताटाशेजारी वाचनालयाची पावती ठेवली, माझ्या नावाची. म्हणाल्या, "जा." पुढे कितीतरी वर्षं दर बुधवारी दुपारची भांडी त्यांनी घासली आणि मी पुस्तक बदलायला गेले. त्याबद्दल ना त्या कधी बोलल्या, ना मी.

"फक्त 'जा'? खरंच एवढंच बोलल्या?"

"एवढंच."

"सो स्पार्टन लाह," नात हळूच म्हणाली आणि तिने कागदावर काहीतरी लिहिलं.

पण मी बाई माणूस, मला पुढचा प्रश्न पडलाच. "स्पार्टाचे पुरुष सगळे एकत्र जेवायचे म्हणतेस. मग रांधायचं कोण? शेत कोण नांगरायचं?"

तिने कागद उलटला आणि तिचं तोंड उतरलं. हेलॉट म्हणून लोक होते. गावंच्या गावं जिंकून राबायला लावलेली, गुलामच म्हणा ना. "हे कॅनॉट. अथेन्सवाले हेच विचारणार, आणि आम्ही हरणार."

"अथेन्समध्ये कोण राबायचं?"

"गुलाम. चांदीच्या खाणीत पण."

"मग लपवायचं कशाला? भातात खडा लागला की तो काढून ताटाच्या कडेला ठेवायचा. गिळायचा नाही आणि लपवायचाही नाही."

तिने भाषण लिहिलं, भरगच्च दोन पानं. रविवारी आम्ही सगळे ईस्ट कोस्टला गेलो. मुलगा आणि सून समुद्राकाठी साते, म्हणजे काडीवर भाजलेलं मांस, खात बसले. मी चालत होते आणि नात भाड्याच्या सायकलवर माझ्याभोवती गोल गोल फिरत भाषण म्हणत होती. एका फेरीला एक वाक्य. चौथ्या फेरीला गाडी अडायची, म्हणजे भाषणाची. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा चौथ्या फेरीला तेच. येणारेजाणारे बघायला लागले, ही कोण म्हातारी मध्ये चालतेय आणि पोरगी प्रदक्षिणा घालतेय. सहाव्या खेपेला तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आजी, तीन मिनिटं कॅनॉट. खरंच कॅनॉट."

मला काय सुचलं देव जाणे. म्हटलं, "काय गं, स्पार्टाची माणसं तीन मिनिटं बोलायची का?"

तिने करकचून ब्रेक मारला. एक पाय जमिनीवर टेकवून माझ्याकडे बघत राहिली. मग दोन पानांची घडी केली आणि खिशात घातली. "आजी," ती म्हणाली, "आइस्क्रीम खाऊया."

शुक्रवारी ताप आला नाही. मी मात्र दुपारी दीडपासून व्हॉइड डेकमध्ये. तिसऱ्या मजल्यावरच्या चिनी बाईंनी माझं तोंड पाहून विचारलं, "आंटी, एक्झाम आह?" मी हो म्हटलं. खोटं काय होतं त्यात?

बसताना एक निश्चय केला होता. आज आपण स्पार्टा. काही विचारायचं नाही. पोरगी स्वतःहून सांगेल तेव्हा सांगेल.

ती आली. चेहरा कोरा. मी उठले, दोघी लिफ्टमध्ये शिरलो. आमचा मजला अकरावा. दुसरा गेला, तिसरा गेला. मी दात घट्ट दाबून आकड्यांकडे बघत होते. चौथा. पाचवा. आयुष्यात एवढा लांब प्रवास मी केला नाही, आणि मी विमानाने सिंगापूरला आलेली बाई आहे.

सहाव्या मजल्यावर तीच म्हणाली, "आजी, तू विचारत का नाहीस?"

"बघू," मी म्हटलं.

पोरगी अशी फुटली की काय सांगू! हसत हसत लिफ्टच्या भिंतीला टेकली, आणि मग जी सुरू झाली ती सुरूच. तिने सहाच वाक्यं पाठ केली होती. अथेन्समध्ये सगळ्यांना बोलता येतं, फक्त माझ्या आजीला नाही. माझ्या आजीला गप्प बसवणारं शहर मला नको. शिवाय तिने पणजीचं "जा"ही सांगितलं. मग समोरच्या मुलीने हेलॉटांचं विचारलंच. ही म्हणाली, "खरं आहे. चूक आहे. तुमच्याकडे पण गुलाम आहेत. फक्त आम्ही त्याला लोकशाही म्हणत नाही." बाई म्हणाल्या, तुझी अजून दोन मिनिटं शिल्लक आहेत. ही म्हणाली, "टीचर, आय ॲम स्पार्टन." वर्ग हसला, बाईही हसल्या, आणि टाळ्या इतका वेळ वाजल्या की राहिलेली दोन मिनिटं त्यातच गेली असतील.

"मग जिंकलं कोण?" अखेर मला राहवलंच नाही.

"अथेन्स. खूप जास्त वोट. सगळ्यांना थिएटर पाहिजे ना." असं म्हणाली जणू ती कुणा दुसऱ्याचीच गोष्ट होती.

बूट काढताना ती बोलत होती, भात कालवताना बोलत होती, मी भांडी विसळत असताना ओट्यावर चढून बसून बोलत होती. दोन वर्षांचं साठलेलं सगळं, शाळेचं, मैत्रिणींचं, त्या स्टेजवरच्या कवितेचंसुद्धा. निम्मं मराठीत, निम्मं इंग्रजीत, मध्ये मध्ये लाह. कवितेची ती तिसरी ओळ तिला अजून पाठ होती, तीही म्हणून दाखवली. मला एका ठिकाणी काहीतरी सांगावंसं वाटलं, माझ्याच लहानपणचं, अगदी त्याला लागून असलेलं. मी नुसतं तोंड उघडलं, तर तिने हात वर केला.

"आजी, पुरे," ती म्हणाली. "आता मी."