रेघेच्या वरचे आण्णा

मला चार माणसांत बोलाय येत न्हाई. शाळा नववीतच सुटली, त्यामुळं लिवायचीबी भीती वाटती. पण आमच्या बाळगोंडा आण्णांना पंच्याहत्तर पुरी झाली म्हणून हे पुस्तक निघतंय, आणि सध्या त्यांच्या हाताखाली शिकणारी मी एकटीच हाय. तवा लिवते.

आण्णा सांगलीत दुकानांच्या पाट्या रंगवत्यात, पण सगळी त्यांना वळखत्यात ती पुराच्या चित्रांमुळं. पूर वसरला की ते गल्लीत घरोघरी जात्यात. पाणी जिथवर आलतं तिथं भिंतीवर निळी रेघ मारत्यात, आणि त्या घरानं पळताना आधी काय उचललं ते रेघेच्या वर काढत्यात. कुणाची शिलाई मशीन, कुणाचे देव. एका काकांनी नुसता टीव्हीचा रिमोट उचलला हुता. काकू अजून ते चित्र पावण्यांना दाखवत्यात.

माझी त्यांची पहिली गाठ अशीच पडली. मी घरातला गाळ वढत हुते. आण्णांनी इचारलं, "पोरी, तू आधी काय उचललंस?" मी काईच उचललं नव्हतं. शेरडाचं दावं सोडायचं विसरून पळाले हुते, ते तिथंच बुडालं. हे घरात कुणाला सांगितलं नव्हतं, आण्णांना सांगितलं. ते कुणाला बोलले न्हाईत. रेघेच्या वर त्यांनी शेरडू काढलं, गळ्यात दावं न्हाई. दुसऱ्या दिशी मला ब्रश धराय बोलावलं.

रेघ खोटी मारायची न्हाई, हा त्यांचा नेम. एकदा चित्र बरं दिसावं म्हणून मी ती वीतभर वर घेतली. ती बघून शेजारच्या आजींनी गव्हाची पोती उगंच माळ्यावर चढवली. आण्णांनी स्वतः जाऊन ती उतरवून दिली आणि मला एवढंच म्हणाले, "माणसं हिच्या भरवशावर सामान ठेवत्यात गं."

गेल्या पावसाळ्यात धरणातनं पाणी सोडलं. सकाळीच घरं सोडा म्हणून भोंग्याची गाडी वरडून गेली. सगळी निघाली, आण्णा न्हाई. गुडघाभर पाण्यातनं त्यांच्या घराकडं गेले. दर पावलाला ते दावं आठवत हुतं. आण्णा जिन्यात रंगाचा डबा घेऊन बसलेले. म्हणाले, पाणी चढायचं थांबलं की रेघ मारूनच येतो, मागनं लोकं भिंती धुत्यात, खूण ऱ्हात न्हाई. तेवढ्यात आणखी एक पायरी बुडाली. मी जन्मात मोठ्यांना उलट बोलले नव्हते.

"आवं आण्णा, रेघ मी मारीन. खरी मारीन. तुमी उठा."

"वाकडी येईल तुझी."

"येऊ द्या."

त्यांनी डबा माझ्याकडं दिला आणि उठले.

पाणी वसरल्यावर त्यांच्या घरात मी रेघ मारली. वाकडी आली. आण्णांनी ती सुधारू दिली न्हाई. मग आमच्या घरी आले. यंदा काय उचललंस, हे इचारलंच न्हाई. शेरडाच्या शेजारी, रेघेच्या वर, त्यांनी धोतर खोचलेला, तोंड वाकडं केलेला एक म्हातारा काढला.

आता परत ढग भराय लागल्यात. मला भ्या वाटतंच. आण्णांनी शंभरी गाठावी, त्यांचे गुडघे धड ऱ्हावेत, आणि गाडी वरडायच्या आधीच त्यांनी आमच्या दारात येऊन "चल गं" म्हणावं, एवढंच मागते.